उशीर हाही गुन्ह्याचाच भाग

मार्च २००९ मध्ये मीरा रोडच्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने स्वतःच्या वडिलांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. अत्याचार नऊ वर्षं चालला होता. घराची भरभराट व्हावी म्हणून एका तांत्रिकाने सांगितलेला तो ‘उपाय’ होता. वडील, तांत्रिक आणि आई, तिघांनाही अटक झाली. वर्तमानपत्रांनी पुढचे काही दिवस तांत्रिकावर रकानेच्या रकाने लिहिले. मला मात्र त्या प्रकरणातला दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. धाकट्या बहिणीच्या वाट्यालाही तेच आल्यावर ही मुलगी बोलली. नऊ वर्षं जे स्वतःसाठी बोलता आलं नाही ते तिने बहिणीसाठी बोलून दाखवलं, आणि तेही आजोळची माणसं पाठीशी उभी राहिली तेव्हा.

लहानपणी घरातच अत्याचार सोसलेली माणसं मोठेपणी न्याय मागायला निघतात, तेव्हा त्यामागे अनेकदा असंच काहीतरी घडलेलं असतं. स्वतःचं मूल त्याच वयाचं होतं. भाचीला सुट्टीत त्याच घरी पाठवायचं ठरतं. आई वारते, आणि तिला धक्का बसेल ही भीती उरत नाही. बोलायला कारण लागतं. गप्प राहायलाही कारण असतं, आणि ते कारण बहुधा घरानेच पुरवलेलं असतं. तरीही ठाण्यात, कोर्टात आणि त्याआधी स्वतःच्या घरात पहिला प्रश्न हाच येतो : इतकी वर्षं गप्प का बसलीस?

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. उशीर कसा तयार झाला याचा हिशेब घराने द्यायला हवा. तो तक्रारीतला दोष म्हणून मोजणं म्हणजे गुन्हेगाराने केलेल्या कामाचा फायदा त्यालाच देणं.

घरातला अत्याचार बाहेरच्या अत्याचारापेक्षा वेगळा असतो तो इथे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसापासून मूल पळून घरी येतं. घरातल्या माणसापासून पळून ते जाणार कुठे? ज्याच्या हातून मार किंवा त्याहून भयंकर काही सोसायचं, त्याच्याच हातून शाळेची फी भरली जाते, त्याच्याच ताटाशेजारी ताट मांडलं जातं. गणपतीत, लग्नकार्यात सगळ्यांसमोर आई सांगते, काकांच्या पाया पड. मुलगी वाकते. अत्याचार करणारा भाऊच असेल तर भाऊबीजेला ओवाळायला लावतात, ती ओवाळते. दर वर्षी एक-दोन वेळा तिच्याकडून त्या माणसाच्या मोठेपणाची अशी कबुली घेतली जाते. पुढे तिने तोंड उघडलं की हेच तिच्यावर उलटवतात : इतकं झालं होतं तर तू त्यांच्या पाया कशी पडत होतीस?

काही घरांत आईला कळलेलंच नसतं. काही घरांत कळलेलं असतं आणि ती तिच्या परीने मुलीला वेगळं झोपवते, एकटी सोडत नाही, लवकर लग्न करून देते. त्या बाईला मी सरसकट दोषी धरणार नाही. तिच्या नावावर खोली नाही, हातात पगार नाही, माहेरी भाऊ विचारत नाहीत. पण ज्यांच्याकडे हे सगळं होतं असे थोरले दीर, आत्या, मामा, आजोबाही ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणून विषय मिटवतात. त्यांच्यासाठी मला कोणतीही सूट सुचत नाही.

महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात त्यात होते. निम्म्याहून अधिक, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. साधारण निम्मे अत्याचारी ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात हजारो प्रौढांच्या कहाण्या ऐकल्या. लहानपणचा अत्याचार पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी सुमारे चोवीस वर्षं लागली होती. ते अत्याचार चर्च, शाळा, वसतिगृहं अशा संस्थांमधले होते, म्हणजे कधी ना कधी सोडून जाता येणाऱ्या जागांमधले. मग ज्या घराचं आडनाव आयुष्यभर लावायचं त्या घराविरुद्ध बोलायला वीस-पंचवीस वर्षं लागली तर त्यात संशयास्पद काय आहे?

हे सगळं मी दादरा आणि नगर हवेलीतलं सिल्वासा डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगिजांच्या हातून सुटलेलं हे गाव मराठी माणसाला सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सशस्त्र मोहिमेमुळे आठवतं. त्यानंतरचं सिल्वासा आपण फारसं पाहत नाही. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींमुळे मसाट, आमली, रखोली, सायली या भागांत कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागे खानदेशातून, कोकणातून, उत्तर भारतातून माणसं आली. वारली, कोकणा, धोडिया ही इथली मूळ माणसं आपल्याच जमिनीवर कामगार झाली.

आलेल्या कुटुंबाला पहिला आधार असतो तो आधी येऊन स्थिरावलेल्या नातेवाइकाचा. तोच ठेकेदाराशी बोलतो, तोच खोली बघून देतो, नवरा-बायको दोघंही बारा तासांच्या पाळीवर गेली की मूल त्याच्याच घरी राहतं. हा आधार खरा असतो, बहुतेक वेळा निर्मळही असतो. पण जिथे तो निर्मळ नसतो तिथे मुलाच्या एका वाक्याने वडिलांची नोकरी, डोक्यावरचं छप्पर आणि गावाकडची पत एकदमच जाते. हे मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. (बंगल्यांत असं होत नाही, असा अर्थ कुणी यातून काढू नये. बंगल्यात खोल्या जास्त असतात आणि दारं जाड असतात, एवढाच फरक.)

दुसरी अडचण हद्दीची. सिल्वासापासून पंधरा-वीस किलोमीटरवर वापी, तिथे गुजरातचे पोलीस आणि वर अहमदाबादचं उच्च न्यायालय. दुसऱ्या बाजूला तलासरी, जव्हार, तिथे महाराष्ट्राचे पोलीस. मध्ये दादरा आणि नगर हवेली, २०२० पासून दमण आणि दीवशी जोडलेला केंद्रशासित प्रदेश, पोलीस वेगळे पण उच्च न्यायालय मुंबईचंच. रोजगारासाठी हलणाऱ्या कुटुंबाचं बालपण या तीन राजवटींत विखुरलेलं असतं. घडलं एकीकडे, आरोपी दुसरीकडे, सोसणारी आज तिसरीकडे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी फार सोपं पडतं.

कायदा प्रत्यक्षात काय देतो हे पाहायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १९९२ साली जन्मलेली, आज मसाटच्या एका सूत कारखान्यात काम करणारी एक बाई आहे. २००० ते २००४ या काळात, जव्हारला चुलत्याच्या घरी राहून शिकत असताना, चुलत्याने तिच्यावर अत्याचार केला. आता त्याच घरात चुलत बहिणीची मुलगी राहायला आली आहे, म्हणून हिला तक्रार द्यायची आहे.

पहिली गोष्ट, ती सिल्वासाच्याच ठाण्यात जाऊ शकते. हद्दीचा विचार न करता तक्रार नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, ही ‘झिरो एफआयआर’ची पद्धत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आली आहे. २००० साली जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. कागद कुठे पाठवायचे हे पोलिसांचं काम, तिचं नव्हे. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यापुढे दंडाधिकारी.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मुलांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला. त्याआधीच्या कृत्याला तो लावता येत नाही, कारण कृत्य घडलं त्या दिवशी जो कायदा होता त्याखालीच शिक्षा होऊ शकते, असं घटनेचं कलम २० सांगतं. म्हणजे हिच्या बाबतीत जुनी भारतीय दंडसंहिता. त्या संहितेत तेव्हा बलात्काराची व्याख्या फार अरुंद होती. मुलांशी घरात होणारे कित्येक भयंकर प्रकार तिच्यात बसतच नसत. ‘साक्षी’ या संस्थेने ही व्याख्या रुंद करावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. २००४ मध्ये न्यायालयाने साक्ष नोंदवताना पडदा लावण्यासारख्या चांगल्या सूचना दिल्या, व्याख्येला मात्र हात लावला नाही. तो बदल संसदेने २०१२-१३ मध्ये केला.

कृत्य जुन्या व्याख्येतही बलात्कार ठरत असेल तर कालमर्यादा नाही. वीस वर्षांनीही, चाळीस वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो, आणि मूल बारा वर्षांखालचं असेल तर तेव्हाही किमान शिक्षा दहा वर्षांची होती. व्याख्येत बसत नसेल तर बहुधा उरतं विनयभंगाचं कलम ३५४. त्याची कमाल शिक्षा तेव्हा दोन वर्षं होती, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला फौजदारी प्रक्रिया संहितेने तीन वर्षांची मुदत घातली होती. आपल्या उदाहरणातली मुलगी दहा वर्षांची असताना गुन्हा घडला असेल तर ही मुदत ती तेरा वर्षांची असताना संपली. तेरा वर्षांच्या मुलीने ज्याच्या घरी जेवते त्या चुलत्याविरुद्ध एकटीने ठाण्यात जावं, अशी कायद्याची अपेक्षा होती. हे लिहिताना मला संताप आवरत नाही.

तरीही दार पूर्ण बंद नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४७३, नव्या संहितेत ५१९, सांगतं की उशिराचं योग्य स्पष्टीकरण असेल किंवा न्यायासाठी गरज असेल तर मुदतीनंतरही न्यायालय दखल घेऊ शकतं. हे कलम अशा प्रकरणांत आग्रहाने मांडलं पाहिजे. ‘मी लहान होते, त्याच्याच घरात होते, आणि सांगितल्यावर मला गप्प केलं’ याहून योग्य स्पष्टीकरण कुठलं असू शकतं?

तिसरी गोष्ट पोलिसांनी स्वतःहून विचारायला हवी : त्या घरात २०१२ नंतर दुसरं कुणी मूल होतं का? असेल आणि त्याच्यावरही हात पडला असेल, तर ते प्रकरण पॉक्सोखाली येतं. तिथे नातेवाइकाने केलेला अत्याचार हा अधिक गंभीर गुन्हा आहे. त्याच्या सर्वांत वाईट प्रकाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. तक्रारीला मुदत नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या, लहानपणी इथे अत्याचार सोसलेल्या एका शास्त्रज्ञ महिलेने लावून धरल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने हे जाहीरपणे स्पष्ट केलं. वय अठरा उलटून गेलं तरी तक्रार देता येते.

पुराव्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षांनी वैद्यकीय तपासणीत काही सापडत नाही, आणि न सापडण्याने काही खोटंही ठरत नाही. उरते ती साक्ष. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याची जोड लागलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पंजाबच्या गुरमित सिंग प्रकरणात सांगितलं. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २००३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की तक्रारीतल्या उशिराचा यांत्रिक सूत्रासारखा वापर करून खटला फेटाळता येणार नाही. तारीख आठवत नसली तरी इयत्ता आठवते, कोणता सण होता, घरात कोण पाहुणे होते, कोणती खोली हे आठवतं. ते सगळं लिहून काढावं. पूर्वी मैत्रिणीला, नवऱ्याला, डॉक्टरला सांगितलं असेल तर त्यांचे जबाब, जुनी पत्रं, उपचारांचे कागद, सारं उपयोगी पडतं.

गुरमित सिंग निकालात उशिराचं एक कारण म्हणून घराच्या अब्रूची भीती न्यायालयाने समजून घेतली आहे. तिथे घर मुलीच्या बाजूला उभं होतं आणि अब्रूपायी कचरलं होतं. आरोपी घरातलाच असतो तेव्हा हीच अब्रू त्याच्या बाजूने पहारा देते. या फरकावर आपल्या न्यायालयांत अजून पुरेसा विचार झालेला नाही, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू. पंचवीस वर्षांनी आरोप झाला तर निर्दोष माणसाने बचाव कसा करायचा? तो त्या काळात दुसऱ्या गावी होता हे दाखवणारे कागद हरवलेले असतील, साक्षीदार वारलेले असतील. जमिनीच्या वाटणीच्या भांडणात असा आरोप शस्त्र म्हणून वापरला जाणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याचं उत्तर खटल्यात आहे. २०१२ पूर्वीच्या प्रकरणांत आरोपीने गुन्हा केला असं धरून चालण्याचं पॉक्सोमधलं गृहीतक लागू होत नाही. संशयाचा फायदा त्याला मिळतो, उलटतपासणी होते, आणि पुरावा अपुरा असेल तर तो सुटतो. अशी अनेक प्रकरणं सुटकेनेच संपतील, हे न्याय मागणाऱ्यांनाही आधी प्रामाणिकपणे सांगायला हवं. आरोप तपासून फेटाळणं वेगळं, आणि ठाण्याच्या टेबलावरच ‘आता कशाला उकरून काढता’ म्हणून परत पाठवणं वेगळं. वाटणीच्या भांडणाबद्दल एवढंच म्हणेन : अनेकदा क्रम उलटा असतो. बाई बोलते आणि मग तिचा हिस्सा नाकारला जातो.

मुलग्यांची स्थिती आणखी वाईट होती. २०१२ पूर्वी मुलग्यावर घरात अत्याचार झाला तर जवळजवळ एकच आधार होता, जुन्या दंडसंहितेतलं ‘अनैसर्गिक’ संबंधांचं कलम ३७७. मुंबईचे कार्यकर्ते हरीश अय्यर यांनी मे २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘सत्यमेव जयते’त स्वतःच्या बालपणातला अत्याचार देशासमोर सांगितला. त्याच महिन्यात संसदेने पॉक्सो मंजूर केला आणि मुलगा-मुलगी हा भेद त्यात ठेवला नाही. नव्या न्यायसंहितेतून ३७७ गेलं असलं तरी तेव्हाच्या कृत्यांना तेव्हाचंच कलम लागू राहतं. पण किती पुरुष ते घेऊन ठाण्यात जातील? ‘मुलगा असून’ या दोन शब्दांनी त्यांचं तोंड बांधलेलं असतं.

फौजदारी मार्गाबाबत कायदा इतका तरी पुढे आला. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याबाबत तो आहे तिथेच आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अज्ञान असतानाच्या हानीसाठीची सवलत अठरा पूर्ण झाल्यावर फार तर तीन वर्षं टिकते. एकविसाव्या वर्षी दार बंद. त्या वयात कित्येक मुली त्याच घरात असतात आणि कित्येकींची लग्नं त्याच घराने जमवलेली असतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच, वडिलांवर दावा लावणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात, मुदत कधी सुरू होते हे वेगळ्या प्रकारे ठरवलं. आपल्याला झालेली इजा आणि लहानपणचा तो अत्याचार यांचा संबंध तिला कळला तेव्हापासून. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जुन्या दाव्यांसाठी काही काळ दार पुन्हा उघडलं. आपल्या मुदतीच्या कायद्यातही बालपणीच्या अत्याचारासाठी वेगळं कलम हवं. त्यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही, एका दुरुस्ती विधेयकाचं काम आहे.

न्याय मागणाऱ्या प्रत्येकीला खटलाच हवा असतो असंही नाही. कुणाला त्या माणसाने एकदा कबूल करावं एवढंच हवं असतं. कुणाला तो पुढच्या लग्नात मांडवात नको असतो. यातला कोणता मार्ग घ्यायचा हे तिने ठरवायचं. वकिलाच्या पैशांसाठी कुणी अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सिल्वासात या चार गटांबाहेर राहणारी माणसं किती उरतात? बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचं नाव प्रसिद्ध करणं हा वीस वर्षांनंतरही गुन्हाच आहे, हेही अनेकींना ठाऊक नसतं.

पण वकील, कलमं आणि ठाणी यांच्याइतकंच सारं अवलंबून असतं ते नातेवाइकांवर, आणि तिथेच प्रकरण बहुधा कोसळतं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न देणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं म्हटलं. डॉक्टरला जे लागू ते आत्याला, मामाला, थोरल्या भावालाही लागू आहे.

म्हणून शेवटची विनंती त्यांनाच. तुमच्या घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा आज तिशी-चाळिशीत येऊन बोलत असेल, तर का गप्प बसलीस हे विचारू नका. तुम्ही त्या वेळी काय पाहिलं, काय ऐकलं, कुणी कुणाला काय सांगितलं ते आठवा आणि तारखेसह लिहून द्या. ती ठाण्यात जाणार असेल तर बरोबर जा, आणि जबाब द्या. त्या घरात आज दुसरं मूल असेल तर तिच्या निर्णयाची वाट न पाहता १०९८ वर फोन करा.